निळ्या पाखराचा भाव

१/
१९२७ च्या सुमारास निळ्या बजरीगरच्या एका जोडीसाठी जपानी ग्राहक १०० पौंडांहून अधिक रक्कम मोजत, असे उल्लेख त्या काळच्या युरोपीय पक्षिपालकांच्या लेखनात येतात. इंग्लंडमधील शेतमजुराची मजुरी तेव्हा आठवड्याला साधारण ३० शिलिंग, म्हणजे वर्षाला जेमतेम ८० पौंड होती. हिरवी जोडी मात्र काही शिलिंगांत मिळे. पाखरू तेच, आकार तोच, आवाजही तोच. फरक केवळ पिसांच्या रंगाचा. हा फरक इतका महाग कसा झाला आणि पाहता पाहता स्वस्त कसा झाला, त्याचा हा इतिहास.

२/
बजरीगर म्हणजे महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ‘लव्हबर्ड’ या नावाने ओळखला जाणारा लहान, लांब शेपटीचा पोपट. नाव चुकीचे आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि आखूड शेपटीचे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. पाणी आणि गवताचे बी जिथे मिळेल तिकडे त्यांचे प्रचंड थवे सरकत राहतात. रानातल्या पक्ष्याचा रंग हिरवा, चेहरा पिवळा आणि पाठीवर काळ्या लहरी.

३/
१८०५ मध्ये जॉर्ज शॉ यांनी या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. परंतु जिवंत पक्षी युरोपीय घरांत पोहोचण्याचे श्रेय सामान्यतः जॉन गूल्ड यांना दिले जाते. १८४० मध्ये ऑस्ट्रेलियाहून परतताना त्यांनी काही जिवंत बजरीगर इंग्लंडला आणले. पुढच्या दशकात जर्मनीत त्यांची पिंजऱ्यातील वीण यशस्वी झाली. थोड्या बियाण्यावर जगणारा आणि लाकडाच्या पोकळीत सहज अंडी घालणारा हा पक्षी बंदिवासात भराभर वाढू लागला.

४/
फ्रान्समधील तुलूझ, बेल्जियम, जर्मनी येथे पक्षिपालन हा व्यवसाय झाला. हजारो पिले जन्मू लागली की एखादे वेगळे निघतेच. रानात असे पिल्लू शिकारी पक्ष्याच्या नजरेत लवकर भरते; पिंजऱ्यात मात्र त्याला कोणी वेगळे ठेवतो, जपतो. १८७० च्या दशकात पिवळे बजरीगर दिसू लागले आणि १८८० च्या आसपास ब्रसेल्सजवळील उक्ल येथे आकाशी निळा बजरीगर अवतरला. लंडनच्या प्रदर्शनात तो प्रथम मांडला गेला १९१० मध्ये. दरम्यान तीस वर्षे गेली होती.

५/
ही तीस वर्षे का लागली, यातच भावाचे पहिले रहस्य आहे. निळ्या नराची हिरव्या मादीशी जोडी लावली तर सर्व पिले हिरवी निघत. मेंडेलचे नियम १९०० पूर्वी विस्मृतीत पडलेले होते. त्यामुळे निळा रंग ‘वाया गेला’ असे पाळणाऱ्याला वाटणे स्वाभाविक होते. ज्यांनी निळ्याची निळ्याशीच गाठ घातली, त्यांना थोड्याच पक्ष्यांत, बहुधा भावंडांतच वीण घ्यावी लागे आणि पिले दुबळी निघत.

६/
आता रंगाकडे पाहू. बजरीगरच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या अंतर्गत सूक्ष्म रचनेतून प्रकाश असा विखुरतो की निळा रंग दिसतो. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याची छटा चढली की पक्षी हिरवा दिसतो. पिवळे काढून घेतले की उरतो तो निळा. २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकातील संशोधनाने दाखवले की पिवळे द्रव्य तयार करणाऱ्या विकरातील एका अमिनो आम्लाचा बदल यासाठी पुरेसा असतो. म्हणजे ज्या निळ्याचे एवढे मोल झाले, तो काहीतरी मिळवल्याने नव्हे, गमावल्याने दिसू लागला होता.

७/
हा गुण अप्रभावी आहे. पिल्लाला आई आणि वडील, दोघांकडूनही तो मिळाला तरच निळा रंग दिसतो. एकाकडूनच मिळाला तर पक्षी दिसतो हिरवा, पण पोटात निळा वाहतो. असा पक्षी बाजारात ‘स्प्लिट’ म्हणून ओळखला जातो. दोन स्प्लिट एकत्र आले तर सरासरी चारात एक पिल्लू निळे; स्प्लिट आणि निळा एकत्र आले तर निम्मी पिले निळी.

८/
येथून बाजारात एक विलक्षण वस्तू आली: साध्या हिरव्यासारखा दिसणारा, परंतु त्याहून महाग हिरवा पक्षी. ग्राहक ज्यासाठी जादा पैसे देई ते डोळ्यांना दिसत नसे, हाताला लागत नसे. ते होते विक्रेत्याचे आश्वासन, आणि त्याची शहानिशा पिले झाल्यावरच होई. म्हणून वंशावळीची नोंदवही आणि पिल्लाच्या पायात लहानपणीच चढवायची, सांधा नसलेली कडी यांना महत्त्व आले. पाय मोठा झाला की ती कडी चढवता वा उतरवता येत नाही. जन्माची साक्ष पक्ष्याच्या अंगावरच राहते. इंग्लंडमधील हौशी पालकांनी १९२५ मध्ये बजरीगर क्लब स्थापन केला, तोही याच तेजीच्या काळात.

९/
पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तुलूझमध्ये गडद हिरवा बजरीगर निघाला. हा गुण निळ्याशी जुळला आणि कोबाल्ट हा गर्द निळा रंग तयार झाला. कोबाल्टचे गणित निराळे. गडदपणाचा एक अंश असेल तर कोबाल्ट, दोन असतील तर राखाडी छटेचा मॉव्ह. कोबाल्ट जोडीची सर्व पिले कोबाल्ट निघत नाहीत. सरासरीने निम्मीच निघतात, उरलेली आकाशी आणि मॉव्ह. गंमत अशी की आकाशी आणि मॉव्ह यांची जोडी लावली तर सगळीच पिले कोबाल्ट. ज्याला हे ठाऊक होते, त्याच्या लेखी कोणाला नकोशा वाटणाऱ्या मॉव्हचीही किंमत होती.

१०/
मग जपानची तेजी आली. युरोपीय पुस्तकांत तिचे एक गोड कारण सांगितले जाते: श्रीमंत जपानी तरुण वाग्दत्त वधूला निळी जोडी भेट देत. जपानचा स्वतःचा इतिहास मात्र अधिक बोलका आहे. एदो काळात ओमोतो नावाच्या चित्रविचित्र पानांच्या रोपांसाठी आणि सकाळी उमलणाऱ्या असागाओच्या विलक्षण फुलांसाठी लोक वेडे झाले होते. १८७२-७३ मध्ये टोकियोत ठिपकेदार सशांचा असाच सट्टा चालला. अखेर सरकारने दर सशामागे महिना एक येन कर लावला आणि भाव कोसळले.

११/
दुर्मिळ प्रकार वाढवायचा, तो इतरांच्या आधी मिळवायचा आणि इतरांकडे पोहोचण्यापूर्वी विकायचा, ही रीत जपानी शहरांत मुरलेली होती. निळा बजरीगर त्याच साच्यात बसला. प्रत्येक नवा ग्राहक पाळण्यासाठी कमी, पिले विकण्यासाठी अधिक खरेदी करीत होता. अशा बाजारात मागणी स्वतःच पुरवठ्याची बीजे पेरते.

१२/
कागदावर हिशेब करून पाहू. निळ्याची निळ्याशी जोडी लावली की सर्व पिले निळीच. वर्षाला दोन विणी आणि प्रत्येकीत पाच पिले धरली, तर एका जोडीपासून पहिल्या वर्षी १० पिले, म्हणजे ५ नव्या जोड्या. दुसऱ्या वर्षी त्या पाच जोड्यांची ५० पिले. तिसऱ्या वर्षी त्यातल्या २५ जोड्यांची २५०. मृत्यू आणि वांझपणा वजा केला तरी दिशा बदलत नाही. अंडी उबायला सुमारे १८ दिवस आणि पिल्लू घरट्याबाहेर यायला सुमारे पाच आठवडे लागतात. सोन्याच्या खाणीत असे होत नाही.

१३/
१९२७ च्या वसंतात जपानमध्ये बँकांवर मोठे संकट आले. कोबेतील सुझुकी शोतेन ही बलाढ्य व्यापारी पेढी बुडाली. त्याच सुमारास पाखरांची तेजीही ओसरली. ज्यांनी शिखरावर खरेदी केली त्यांच्या पिंजऱ्यांत आता उत्तम निळे पक्षी होते, पण त्यांना त्या भावाचा गिऱ्हाईक नव्हता. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये निळा बजरीगर सामान्य घरांच्या आवाक्यात आला.

१४/
या कथेला एक काळी किनारही आहे. १९२० च्या दशकात जर्मनीतील ब्रेमेन येथे हान्स डुंकर या शिक्षक-जीवशास्त्रज्ञाने, कॉन्सल क्रेमर यांच्या मोठ्या पक्षिगृहांच्या आधारे, बजरीगरच्या रंगांची आनुवंशिकता उलगडली. कोणत्या जोडीपासून कोणती पिले निघतील हे आधी सांगता येऊ लागले. हेच डुंकर पुढे नाझी पक्षात गेले आणि मानवी वंशशुद्धीच्या विचाराचे प्रचारक झाले.

१५/
पक्ष्यांचे शास्त्र त्यामुळे खोटे ठरत नाही. पण पिंजऱ्यातील प्रत्येक जीवाला ‘हवा असलेला’ आणि ‘नको असलेला’ अशा दोन रकान्यांत टाकण्याची सवय पिंजऱ्यापाशी थांबली नाही, हे लक्षात ठेवावे लागते. बाजारात नको असलेल्या रंगाचा पक्षी स्वस्तात जातो. राजकारणात असे रकाने आखले की माणसे मरतात.

१६/
आज मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत साध्या हिरव्या आणि साध्या निळ्या बजरीगरच्या भावात फारसा फरक उरलेला नाही. जादा पैसे पडतात ते तुऱ्याच्या, नव्याने आलेल्या किंवा अनेक गुण एकत्र जुळवलेल्या प्रकारांना. उलट आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता वा विकता येत नाही; म्हणून पिंजऱ्यात दिसतो तो हा परदेशी पाहुणा.

१७/
तेव्हा दुर्मिळ रंगाच्या पाखराला किती मोजावे? १९२७ चा अनुभव सांगतो की अशा भावात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: तो रंग पुन्हा मिळवायला लागणारा काळ, विक्रेत्याच्या शब्दावरचा विश्वास आणि उद्या याहून महाग विकू ही आशा. पहिलीला मोल आहे, पण ते दर विणीगणिक घटते. दुसरीची खात्री नोंदवही आणि पायातली कडी पाहून करता येते. तिसरीसाठी पैसे मोजणारा पाखरू विकत घेत नसतो.

१८/
आणि पाखराला यातले काहीच ठाऊक नसते. शंभर पौंडांच्या निळ्याला आणि चार शिलिंगांच्या हिरव्याला दाणा तोच लागतो, पाणी तेच, सोबत तीच. भाव पडल्यावरही त्याला वर्षानुवर्षे रोज दाणा घालावा लागतो. पाळण्याचा खरा खर्च तो आहे आणि त्यावर रंगाचा काही परिणाम होत नाही.