शर्मिष्ठादेवी होळकर: एक जन्मांतर

जपानी चित्रकथांत सध्या एका कथाप्रकाराचा मोठा बोलबाला आहे. 'इसेकाई', म्हणजे 'दुसरे जग', असे त्याचे नाव. सामान्य मनुष्य एकाएकी परक्या जगात जाऊन पडतो आणि तेथे त्यास नवे नाव व नवे गोत लाभते. आमचे तरुण त्या कथांत रमतात, रमोत बापडे. आम्हांस मात्र त्या वाचून इंदूरची एक सत्यकथा आठवते. तिची नायिका रूढ अर्थाने नायिकाच नव्हे. तिने ना रणांगण गाजविले, ना राज्य चालविले.

नॅन्सी अ‍ॅन मिलर हिचा जन्म 1907 साली अमेरिकेतील सिएटल येथे झाला. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्याशी तिचा विवाह ठरला. मुंबईतील बावला खून प्रकरणानंतर महाराजांनी 1926 साली गादी सोडली होती, आणि त्यांचे पूर्वी दोन विवाह झालेले होते. तथापि लोकांत खळबळ उडाली ती याहून वेगळ्या कारणाने. जन्माने ख्रिस्ती असलेली ही मुलगी हिंदू होऊ शकते काय? आणि हिंदू झाली तरी तिची जात कोणती?

मार्च 1928 मध्ये नाशिक येथे करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला विधिपूर्वक हिंदू धर्मात घेतले. सनातनी मंडळींचा विरोध होता. तो विधीने मिटला नाही, पण विधी झाला. नाव ठेविले शर्मिष्ठा. आमच्या वाचकांस हे नाव परके नाही. असुरराज वृषपर्व्याची ही कन्या देवयानीची दासी म्हणून ययातीच्या घरी आली, आणि तिच्याच पोटी पुरू जन्मला. परकुळातून आलेल्या वधूस याहून समर्पक नाव आम्हांस तरी सुचत नाही. त्याच महिन्यात नर्मदातीरीच्या बडवाह येथे लग्न लागले.

त्याच वर्षी गोव्यात विनायक महाराज मसूरकरांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांस पुन्हा हिंदू धर्मात घेतले. राजवाड्यातील विधीची वार्ता जगभर गेली. गावड्यांच्या पाड्यांवरचा विधी मोठा असूनही त्याचा गवगवा तितका झाला नाही.

आणि नाशिकचेच पाहा. ज्या नगरीने सातासमुद्रापलीकडून आलेल्या कन्येस धर्माचे दार उघडे केले, त्याच नगरीत 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य बांधव सत्याग्रहास बसले. रामाच्या दर्शनासाठी त्यांस कोणताही विधी करावयाचा नव्हता. ते जन्माने हिंदूच होते. दार उघडले नाही. 1935 च्या ऑक्टोबरात येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

त्या वेळी शर्मिष्ठादेवींच्या संसारास सात वर्षे झाली होती. त्यांस चार कन्या झाल्या. 1978 साली पॅरिस येथे तुकोजीरावांचे निधन झाले, तोवर त्या संसाराने पन्नाशी गाठली होती.