गाणगापूरची सावित्री आणि मंगळवेढ्याची कान्होपात्रा

कलबुरगी जिल्ह्यातील गाणगापूर येथे भीमेस अमरजा नदी येऊन मिळते. श्रीनृसिंह सरस्वतींच्या वास्तव्याने हा संगम तीर्थ झाला. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधर यांनी सोळाव्या शतकात ओवीबद्ध केले, तेच आपले 'गुरुचरित्र'. आपणांस महाराष्ट्र भाषा येत नाही, असे कर्ते प्रारंभीच नम्रपणे सांगतात. कानडी मुलखात राहून मराठी सांभाळणाऱ्या आपणां सर्वांस त्या विनयाचे मोल विशेष कळावे.

या ग्रंथात स्त्रीच्या शीलाचा विस्तृत विचार ३१ व ३२ या अध्यायांत आला आहे. माहूरचा दत्त नावाचा तरुण क्षयाने ग्रासलेला असतो. त्याची पत्नी सावित्री त्याला घेऊन गाणगापुरास येते. परंतु गुरुदर्शन घडण्यापूर्वीच तो प्राण सोडतो. तेव्हा एक तापसी तिचे सांत्वन करतो आणि पतिव्रतेचे आचार, सहगमन व वैधव्यधर्म यांचे निरूपण करतो. घरोघरी मुलींना जो उपदेश ऐकविला गेला, तो बहुतांशी येथला.

तथापि हे निरूपण स्कंदपुराणाच्या काशीखंडावरून आलेले आहे. तेथे बृहस्पती अगस्तिपत्नी लोपामुद्रेची स्तुती करतो. पती जेवल्यावर जेवणारी, तो निजल्यावर निजणारी अशी ती साध्वी. आता गंमत पाहा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात हीच लोपामुद्रा स्वतः बोलते, आणि तपश्चर्येत गढलेल्या पतीला संसाराची आठवण धीटपणे करून देते. पुराणकारांनी तिला आदर्श केले, पण तिची वाणी मात्र काढून घेतली, असे म्हणणे मला भाग पडते.

सरस्वती गंगाधरांची कथा या निरूपणापाशी थांबत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातून निसटते. सहगमनाचा निश्चय करून सावित्री अखेरचे दर्शन घेण्यास गुरूंकडे जाते. श्रीगुरू तिला अष्टपुत्रा हो, असा आशीर्वाद देतात आणि दत्त पुन्हा उठून बसतो. ज्या सहगमनाचे एवढे माहात्म्य गायिले, ते या कथेत घडतच नाही. सासूसासऱ्यांचा निरोप घेऊन, आजारी पतीसह परमुलखात येण्याचे तिचे धाडसच येथे फळास येते. स्त्रियांनी या ग्रंथाचे पारायण करू नये, असा संकेत अनेक घरांत आहे. त्यामुळे तापसाचा उपदेश तेवढा बायकांच्या कानी पडला आणि सावित्रीचे कर्तृत्व पोथीत राहिले. उपदेश सांगणारे आणि पोथी वाचणारे दोघेही पुरुषच होते, हे विसरून चालणार नाही.

याच ग्रंथात बीदरचा एक राजा श्रीगुरूंना शरण येतो. अहमदशाह वली (कारकीर्द १४२२–१४३६) याने राजधानी कलबुरगीहून बीदरास हलविल्यापासून या नगराचा दरारा मराठी मुलखात पसरला होता. महिपतींनी १७६२ साली रचलेल्या 'भक्तविजया'त मात्र बीदरचा पातशहा निराळ्याच रूपात दिसतो. मंगळवेढ्याच्या श्यामा गणिकेची कन्या कान्होपात्रा हिच्या रूपाची वार्ता ऐकून तो तिला आणावयास शिपाई धाडतो. ती आईचा व्यवसाय नाकारून वारकऱ्यांबरोबर पंढरीस आलेली असते. विठ्ठलाच्या पायी ती देह ठेवते. अशा कथांवरून पातशहांचा इतिहास लिहिता येणार नाही. त्या ज्या काळी रचल्या गेल्या, त्या काळाची नीतिकल्पना मात्र त्यांतून स्वच्छ दिसते.

आणि ती कल्पना सावित्रीच्या चौकटीत मावणारी नाही. कान्होपात्रेला पती नाही, कुळ नाही, तिला आचार सांगणारा तापसीही नाही. तरी महिपती तिला संतांच्या पंक्तीत बसवितात, आणि तिच्या जन्माबद्दल क्षमायाचना करीत बसत नाहीत. सावित्रीच्या तोंडी कर्त्याने शोक घातला; कान्होपात्रेच्या नावावर तिचे स्वतःचे असे सुमारे तीस अभंग चालत आले आहेत. विठ्ठलमंदिराच्या दक्षिण दाराशी तिला पुरले आणि तेथे तरटीचे झाड उगवले, अशी कथा आहे. पंढरीचे यात्रेकरू त्या झाडाचे दर्शन आजही घेतात.