बेम्प्टनच्या कड्यावरची अंडी

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर बेम्प्टन गावापाशी पांढऱ्या खडूचे सुमारे शंभर मीटर उंच कडे समुद्रात उतरतात. मे-जूनमध्ये तिथे गिलेमॉट पक्ष्यांची दाटी होते. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो. ते काढायला गावचे गडी दोराने खाली उतरत. एक जण खाली लोंबकळणार, बाकीचे वर दोर सांभाळणार. अंडं गेलं की मादी पंधरवड्याने दुसरं घालते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे एका हंगामात त्याच कपारीवर पुन्हा फेरी होई.

बरीच अंडी खाण्यात जात, काहींचा पांढरा बलक चामड्याला झळाळी आणायला लागे. पण घसघशीत पैसा मिळे तो हौशी संग्राहकांकडून. निळं, हिरवं, पांढरं, तांबूस; कुठे ठिपके, कुठे शाईचा बोरू झटकल्यासारख्या रेघोट्या, तर एखादं अगदी कोरं. शिवाय एक मादी वर्षानुवर्षं त्याच कपारीवर जवळपास तसंच अंडं घालते. म्हणजे एकाच पक्ष्याची अंडी दरवर्षी घेऊन जुळ्यांसारखी मांडता येत! मेटलँड नावाने गाजलेलं तांबूस अंडं असंच वर्षामागून वर्षं उचललं गेलं. जॉर्ज लप्टन या वकिलाने तर हजाराहून अधिक गिलेमॉट अंडी जमवली. दरसाल अंडं गमावणाऱ्या मादीचा विचार या हौसेच्या हिशेबात कुठेच नव्हता.

रंग सांगायचा तरी कसा, ही अडचण सगळ्यांचीच. काँग्रेसमुळे आपल्याला माहीत असलेले ॲलन ह्यूम यांनी 1873 पासून भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर ग्रंथ छापला. त्यांनाही छटा नि डाग शब्दांतच पकडावे लागले. अमेरिकेत रॉबर्ट रिजवे यांनी 1912 मध्ये 1,115 रंगांना नावं देऊन नमुन्यांचं पुस्तकच काढलं. हेन्री सॉर्बी यांनी मात्र 1875 मध्येच वर्णपटाच्या साहाय्याने कवचातली रंगद्रव्यं तपासली होती. एवढी रंगांची उधळण, पण ती मुख्यतः दोनच द्रव्यांची: तांबूस-तपकिरी प्रोटोपॉर्फिरिन आणि निळं-हिरवं बिलिव्हर्डिन.

1954 च्या पक्षी-संरक्षण कायद्याने बेम्प्टनचा धंदा थांबला. त्याच दशकात स्विस संशोधक बीट चान्झ यांनी अंड्यांची अदलाबदल करून दाखवलं, की गिलेमॉट आपलं अंडं रंग-डागांवरून ओळखतो. खेटून बसणाऱ्या शेजाऱ्यांच्या गर्दीत ती त्याची गरजच आहे.

मोजमाप करताना एक मेख राहते. पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो, माणसाला नाही. त्यामुळे आता रंग वर्णपटमापकाने मोजतात आणि डागांची तुलना संगणक करतो. 2014 मध्ये मेरी कॅसवेल स्टोडार्ड आणि सहकाऱ्यांनी कोकिळेच्या कुळातल्या युरोपीय कुक्कूची अंडी ज्यांच्या घरट्यांत पडतात, अशा आठ जातींच्या 689 अंड्यांवरचे डाग संगणकाने तपासले. ही अंडी आली होती लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातून, जुन्या संग्राहकांच्या खणांतून.