गाउडीचा हात आणि संगणक

बार्सिलोनाच्या सागरादा फामिलिया या चर्चविषयी एक मत रूढ आहे. आंतोनी गाउडीने झाडे, शिंपले, डोंगर पाहून हाताने घडवलेली वास्तू संगणक आल्यापासून निर्जीव झाली. निसर्ग हाताला कळतो, यंत्राला नाही. हा पूर्वपक्ष ऐकायला गोड आहे, पण तो गाउडीलाच लागू पडत नाही.

येशूजन्माच्या दर्शनी बाजूवरील शिल्पांसाठी गाउडीने कोंबड्यांना क्लोरोफॉर्म देऊन त्यांच्या अंगावरून प्लास्टरचे साचे घेतले. माणसांचेही घेतले. जिवंत देहाचा पृष्ठभाग जसाच्या तसा उचलायचा हे काम आज त्रिमितीय स्कॅनर करतो, तेही कोंबडीला गुंगी न देता! कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी त्याने टांगत्या दोऱ्यांना छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. भाराने दोरीला येणारा बाक उलटा केला की केवळ दाब सोसणारी कमान मिळते. आकार त्याने कागदावर रेखाटला नाही, गुरुत्वाकर्षणाकडून काढून घेतला. एका पिशवीचे वजन बदलले की शेजारच्या दोऱ्याही सरकत. संगणकावर एक आकडा बदलून सगळा आराखडा हलवणारे आजचे अभिकल्पक याच वाटेने जातात.

सागरादाच्या सभामंडपात खांब झाडासारखे फांद्या फोडत वर जातात. तिथेही लहर नाही, नियम आहे. ताऱ्याच्या आकाराला एक पीळ डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींत सामाईक उरेल तो खांब. तळाशी 8 टोके असली तर वर 16 होतात, मग 32, आणि शेवटी जवळजवळ वर्तुळ. वरच्या छताचे वक्र पृष्ठभागही सरळ रेषांनीच बनतात, म्हणून पाथरवटाला ते दोरी ताणून तपासता येतात.

1936 च्या स्पेनमधील यादवीत गाउडीची कार्यशाळा फोडली गेली, आराखडे जळाले, प्लास्टरच्या प्रतिकृतींचे तुकडे उरले. नियम नसता तर तो निव्वळ ढिगारा ठरला असता. 1979 मध्ये तिथे आलेल्या वास्तुकार मार्क बरी यांनी आधी हातानेच भूमिती मांडली, आणि पुढे विमाने आखण्याचे सॉफ्टवेअर वापरून तुकड्यांशी जुळणारे पृष्ठभाग शोधले. संगणकाने नवा गाउडी रचला नाही. विखुरलेला गाउडी जुळवायला मदत केली.

बांधकाम थांबवा, असे पत्र वास्तुकार ल कोर्बुझिएसह अनेकांनी 1965 मध्येच काढले होते. तेव्हा तिथे संगणक कुठे होता? आणि सर्वाधिक टीका ओढवून घेणारी शिल्पकार सुबिराक्स यांची कोनाकोनांची शिल्पे तर छिन्नी-हातोड्याच्या परंपरेतलीच आहेत.

यंत्राने कापलेल्या दगडाची कातडी एकसुरी दिसते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पण तो दोष आकाराचा नाही, शेवटचा हात फिरवायला वेळ आणि पैसा न देणाऱ्यांचा आहे. तिथल्या प्लास्टरच्या कार्यशाळेत त्रिमितीय छपाईयंत्रे आली तरी मूर्तिकार गेलेले नाहीत. यंत्रातून निघालेले भाग साफ करून जोडायचे काम आजही त्यांच्याच हाती आहे.