अंगणांतील तुळस आणि आरोग्याचा हिशेब

केळना नदीकांठचें भोकरदन आज जालना जिल्ह्यांतील एक तालुक्याचें गांव आहे. परंतु सांची व भारहुत येथील दानलेखांत जें ‘भोगवर्धन’ येतें, तें हेंच होय. १९७३ सालच्या उत्खननांत येथें हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींतील पाँपेई येथें १९३८ सालीं मिळालेल्या मूर्तीशीं तिचें जवळचें साम्य आहे. त्या पाँपेईंतील धनिकांच्या घरांत मधोमध फुलबाग असे. आमच्याकडील जुन्या घरांत ती जागा तुळशीवृंदावनाची. बाग ही चैन होती, तुळस मात्र नित्यकर्मांतली.

दारांत तुळस असली कीं घर निरोगी राहतें, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिला विलायती शिक्का मिळाला तो १९०३ सालीं. मुंबईंत अनेक वर्षें काढलेले सर जॉर्ज बर्डवुड यांनीं ‘टाइम्स’ पत्रास लिहिलें कीं, राणीचा बाग उभारतांना माणसें डांसांनीं हैराण झालीं, तेव्हां हिंदु व्यवस्थापकांच्या सल्ल्यावरून सभोंवार तुळस लावली. डांस हटले व तापहि गेला. हें पत्र आमच्या लोकांनीं मोठ्या अभिमानानें उद्धृत केलें. परंतु डांस गेले ते तुळशीनें, कीं रान साफ होऊन डबकीं बुजल्यानें, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं. वास्तविक १८९७ सालींच रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें हिंवतापाचा जंतु डांसाच्या पोटांत पाहिला होता. भोकरदन तेव्हां निजामाच्याच राज्यांत होतें. पण वृंदावनापुढील दिव्याइतका त्या शोधाचा प्रकाश आमच्या अंगणांत पडला नाहीं.

दुसरी समजूत हवेविषयींची. १७७१ सालीं जोसेफ प्रीस्टली यांनीं मेणबत्ती विझलेल्या कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची डहाळी ठेवली; दहा दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळली. पुदिना हा तुळशीच्याच कुळांतला. पुढें १७७९ सालीं इंगेनहूझ यांनीं दाखविलें कीं, हें कार्य उजेडांतच घडतें. अंधारांत झाडें आपल्याप्रमाणेंच हवा दूषित करितात. तुळस रात्रंदिवस प्राणवायु सोडते, असें आजहि छातीठोकपणें सांगणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

१९८९ सालीं अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें बंद पेटींत रोपें ठेवून बेंझीनसारखीं विषारी द्रव्यें कमी होतात असें दाखविलें. तेव्हांपासून कुंड्या विकणाऱ्यांची चंगळ झाली. परंतु घर म्हणजे बंद पेटी नव्हे. अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१९ सालीं मांडला गेला, तेव्हां असें निघालें कीं, मोकळ्या हवेच्या येण्याजाण्यानें जें सहज होतें तेवढें साधण्यास दर चौरस मीटर जमिनीस दहापासून हजारपर्यंत रोपें लागतील. तेव्हां खिडकी उघडणें हेंच शहाणपणाचें!

मग झाडांचा आरोग्याशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, पण तो निराळ्या वाटेचा. १९८४ सालीं रॉजर उलरिक यांनीं पेन्सिल्व्हेनियांतील एका रुग्णालयाचीं जुनीं टिपणें तपासलीं. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं २३ जणांच्या खिडकींतून झाडें दिसत, २३ जणांच्या खिडकींतून विटांची भिंत. झाडें पाहणारे लवकर घरीं गेले, व त्यांस तीव्र वेदनाशामक औषधेंहि कमी लागलीं. पाहणी लहान आहे. तरी सकाळीं तुळशीस पाणी घालून क्षणभर स्वस्थ उभ्या राहणाऱ्या आमच्या आयाबायांस तिचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाहीं.

हा विवेक केवळ पांडित्याचा नव्हे. मराठवाड्यांत पाण्याचें दुर्भिक्ष. म्हणून घरोघर टांक्यांत, पिंपांत पाणी सांठवावें लागतें. त्याच स्वच्छ पाण्यांत, आणि कुंडीखालच्या बशींतहि, डेंग्यूचा डांस आठवड्यादहा दिवसांत वाढतो. तुळस आहे म्हणून जो निश्चिंत राहिला, त्याच्या लेंकरास ताप येतांना ती आड येणार नाहीं. म्हणून वृंदावन अवश्य राखावें. मात्र आठवड्यांतून एक दिवस कोरडा पाळून पिंप व बशी घांसून पुसावी. तुळशीची पूजा करणाऱ्या हातांनीं एवढें केलें, तर आजींची श्रद्धा आणि रॉस यांचा शोध एकाच अंगणांत सुखानें नांदतील.