गिलाव्याच्या अभ्यासाकडे: प्रस्तावना

बहुतेकांच्या लेखी गिलावा म्हणजे बांधकामाचा शेवटचा, म्हणून सर्वांत किरकोळ भाग. आराखडा वास्तुविशारदाचा, लोखंडाचा हिशेब इंजिनिअरचा आणि गिलावा गवंड्याच्या मर्जीवर. पण ऊन, पाऊस, ओल आणि क्षार यांच्याशी रोज गाठ पडते ती याच पाऊण इंचाची. म्हणून या विषयात शिरणाऱ्याने रंगांच्या शेडकार्डाआधी चुन्याशी ओळख करून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी पडताच कळी तापते, फुटते आणि विरून लोण्यासारखी मऊ होते. भिंतीवर चढल्यावर हाच चुना हवेतला तो वायू परत शोषतो आणि पुन्हा दगड होतो. याला महिने लागतात. घाई इथे चालत नाही. बैलांच्या घाण्यात चुना-वाळू मळत, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, ताग पडे. अनेक गडांवर त्या घाण्यांचे गोल चर आजही दिसतात. किनारपट्टीवर चुनखडीऐवजी शिंपले भाजत. अजिंठ्याच्या चित्रांखालीसुद्धा आधी भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा आहे, वर चुन्याचा पातळ हात. चित्रांवर भरभरून लिहिणारे या थरापाशी क्वचितच थांबतात, ही मोठी उणीव आहे.

जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. सिमेंटला माझा विरोध नाही. काँक्रीटच्या इमारतीत त्याची जागा पक्की आहे. जुन्या वाड्याच्या माती-विटांच्या भिंतीवर मात्र ते घात करते. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटचा घट्ट थर तिला अडवतो. मग ती आणखी वर चढते, क्षार साचतात, लोणा लागतो, पोपडे सुटतात. दुरुस्तीला आलेला माणूस त्यावर पुन्हा सिमेंटच मारतो.

वाचकांना एकच विनंती: ओल आलेली भिंत उकरायला घेण्याआधी छप्पर, पन्हळ आणि जोत्याभोवतीचा उतार तपासा, आणि जुना गिलावा कशाचा आहे ते गवंड्यासोबत उभे राहून पाहा.