जलपर्णीतली मरळ

७. मरळीचे हे पाणी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरचे; गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्याचे, २०२० साली महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले. गाळाने ते उथळ झाले असून सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. तिच्याखाली प्राणवायू घटला की रोहू, कटला गुदमरतात. मरळ मात्र वर येऊन हवा घेते आणि तगते. जलपर्णीत जाळे अडकते, म्हणून मरळीसाठी बेडूक लावलेला गळ मोकळ्या फटीत अलगद सोडतात. पावसाळ्यात तांबूस पिलांचा पुंजका पाण्यावर दिसला, तर खाली नर-मादी राखण करत असतात. तेव्हा गळ टाकूच नये. राखणदार गेले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. — संपादक